नवा आवाज आवडला, ही प्रतारणा आहे का?

प्रिय वाचक,

तुम्ही आणि तुमचा जिवलग मित्र शाळेपासून लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचे चाहते आहात. जुलै २०१७ मध्ये बँडचे गायक चेस्टर बेनिंग्टन वारले, तेव्हा तुम्ही दोघे एकमेकांच्या आधाराने सावरलात. २०२४ मध्ये बँडने गायिका एमिली आर्मस्ट्राँग यांना घेऊन नवा अल्बम काढला आणि तो तुम्हाला मनापासून आवडला. मित्राने मात्र याला विश्वासघात ठरवून बोलणे सोडले आहे. मी कृतघ्न आहे का, असे तुम्ही विचारता.

नाही. ज्या आवाजाने अडनिड्या वयात तुमच्या मनातले बोलून दाखवले, त्याच्याशी जडलेले नाते नव्या गायिकेच्या येण्याने तुटत नाही, आणि नवे गाणे ऐकताना पायाने ठेका धरला म्हणून जुने दुःख खोटे ठरत नाही.

अशा वेळी बँडने काय करावे, याचे एकच उत्तर कधीच नव्हते. फेब्रुवारी १९८० मध्ये एसी/डीसीचे गायक बॉन स्कॉट वारले आणि ब्रायन जॉन्सन यांना सोबत घेऊन बँडने जुलैमध्येच नवा अल्बम आणला, जो पुढे जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत गणला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात लेड झेपलिनचे ड्रमर जॉन बोनम गेले, तेव्हा उरलेल्या तिघांनी डिसेंबरात बँड थांबवत असल्याचे जाहीर केले. दोन्ही निर्णय गेलेल्या माणसावरच्या मायेतूनच झाले, असे मी मानते. तुमच्या मित्राला दुसरा मार्ग योग्य वाटत असेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र तो निवडण्याचा अधिकार बँडच्या सदस्यांचा होता, त्याचा नव्हे आणि तुमचाही नव्हे.

चेस्टर हे या बँडचे पहिले गायक नव्हते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. १९९६ मध्ये माइक शिनोडा आणि त्यांच्या मित्रांनी बँड सुरू केला, तेव्हा मार्क वेकफील्ड गात असत. चेस्टर आले ते १९९९ मध्ये. मुद्दा बिनतोड आहे, आणि म्हणूनच तो मित्रापुढे काढू नका. (बिनतोड मुद्द्यांनी चाहत्यांची भांडणे मिटलेली निदान मी तरी पाहिलेली नाहीत.) त्याचे दुखणे गायक कितवा आहे याचे नाही. दोघांनी मिळून धरलेल्या शोकातून तुम्ही त्याला न विचारता उठून गेलात, असे त्याला वाटत असावे.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे की चेस्टर यांची काही गाणी नव्या आवाजात तुम्हालाही ऐकवत नाहीत आणि ती लागली की तुम्ही पुढे सरकवता. हे तुम्ही त्याला सांगितले आहे का? माझा अंदाज असा की नाही. वादात आपली बाजू लंगडी पडेल म्हणून तुम्ही ते झाकून ठेवलेत. नेमके तेच त्याला सांगा, तेही लिहून नव्हे तर फोन करून, आणि त्या बोलण्यात नव्या अल्बमची वकिली करू नका. त्याने तो ऐकावा अशी अट मैत्रीला घालू नका.

कॉन्सर्टचे तिकीट काढावे की नाही, हेही तुम्ही विचारले आहे. जरूर काढा. त्याची परवानगी मागू नका, त्याच्यापासून लपवूही नका, आणि तो सोबत आला नाही तर तिथून त्याला व्हिडिओ पाठवू नका.