गाल भरले, हातपाय मात्र बारीकच

प्रश्न: सासूबाई (वय ५८) गुडघेदुखीसाठी बाजारातून सुट्या गोळ्या आणून खातात. सोयाबीनची सवंगणी (कापणी) जमली, पण तीन महिन्यांत गाल गोल झाले. तब्येत सुधारली म्हणायची का?
– वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर: नाही. हातपाय बारीक आणि चेहराच गोल, तर पहिली शंका स्टेरॉइडची. पुडीतल्या बिननावाच्या गोळ्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असू शकतं. दुखणं झटक्यात थांबतं, म्हणून लोक खूश! पण चरबी गालांवर, मानेमागे साठते, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात.

गोळ्या एकदम बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यास शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनणं मंदावतं; अचानक थांबवल्यास उलट्या, चक्कर, बीपी घसरणं, जिवावरही बेतू शकतं. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा; डोस ते हळूहळू उतरवतील. साखर, बीपी प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासतात.

सकाळी पापण्याही सुजत असतील, लघवीला फेस येत असेल तर लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा. थकवा, थंडी सोसवत नसेल तर थायरॉइड. एकाच गालात गाठ असेल, त्यात खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) सवय, तर तोंड आधी दाखवा.