घरी मिसळलेल्या डी-76 डेव्हलपरच्या (कृष्णधवल फिल्म डेव्हलप करायच्या द्रावणाच्या) तळाशी पांढरा गाळ बसतो. सल्फाइट (द्रावण हवेने खराब होऊ न देणारे रसायन) आधी पूर्ण विरघळवले, मग मेटॉल (फिल्म डेव्हलप करणारे रसायन) टाकले; पाणी बोअरवेलचे होते. गाळून वापरला तर चालेल का?

आत्ताच गाळू नका. गाळ कॅल्शियमचा असेल तर गाळून काहीच बिघडत नाही. पण तो मेटॉलचा असेल, तर फिल्म डेव्हलप करणारा मालच गाळणीवर राहील. डी-76 मध्ये लिटरमागे मेटॉल असते मुळात 2 ग्रॅम. त्यातले अर्धे गेले तरी निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट येणार.

तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या आहेत: सल्फाइट आधी पूर्ण विरघळवून मग मेटॉल टाकले, आणि पाणी बोअरवेलचे होते. म्हणजे दोन्ही संशयित हजर आहेत.

ओळखायला सोपी चाचणी आहे. बाटली हलवून गाळासकट 50 मिली द्रावण काचेच्या ग्लासात घ्या. ग्लास गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून द्रावण 50 अंशांपर्यंत तापू द्या आणि दहा मिनिटे ढवळत राहा. गाळ नाहीसा झाला तर ते मेटॉल, किंवा नीट न विरघळलेले दुसरे काही. जसाच्या तसा राहिला तर बहुधा कॅल्शियम, कारण त्याचे क्षार उष्णतेने विरघळत नाहीत. मग हा उरलेला गाळ खाली बसू द्या, वरचे द्रावण ओता, गाळ डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा आणि त्यावर चमचाभर पांढरे व्हिनेगर घाला. विरघळला, बुडबुडे आले किंवा जळक्या गंधकासारखा वास आला, तर कॅल्शियम नक्की. क्रम मात्र उलटा करू नका: व्हिनेगरमध्ये मेटॉलही विरघळते, आणि न धुतलेल्या गाळाला सल्फाइटमुळे तसाही तो वास येतोच. नुसत्या डोळ्यांनीही थोडा अंदाज येतो. मेटॉलच्या सुया किंवा चकचकीत पापुद्रे दिसतात, कॅल्शियम खडूच्या धुळीसारखे असते.

मेटॉल निघाले तर सगळी बाटली तशाच गरम पाण्यात ठेवून ढवळा. स्वच्छ झाली तर वापरता येईल. आधी फिल्मच्या जिभेचा (रोलच्या बाहेर आलेल्या टोकाचा) तुकडा उजेडातच त्यात बुडवून पाहा. काही मिनिटांत गडद काळा व्हायला हवा. यातून डेव्हलपर जिवंत आहे एवढेच कळते, प्रमाण बरोबर आहे की नाही ते कळत नाही. तासाभरातही विरघळले नाही तर सरळ फेकून द्या. रसायनांपेक्षा रोल महाग आहे.

हे का होते, तर मेटॉल साध्या पाण्यात सहज विरघळते, पण सल्फाइटच्या दाट द्रावणात विरघळायला नाखूश असते. म्हणून ते आधी टाकायचे. पण नुसत्या पाण्यात ते हवेने लवकर खराब होते, म्हणून त्याच्याही आधी चिमूटभर सल्फाइट, बस्स. एका लिटरसाठी 750 मिली पाणी सुमारे 50 अंशांवर घ्या. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल 2 ग्रॅम. ते पूर्ण विरघळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर उरलेले सल्फाइट (एकूण 100 ग्रॅम, निर्जल) थोडे थोडे करून, मग हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम, शेवटी बोरॅक्स 2 ग्रॅम, आणि थंड पाण्याने लिटर पूर्ण. सल्फाइट एकदम ओतले तर तळाशी दगडासारखी वडी बसते. ती फोडायला पाणी उकळू नका: 33 अंशांच्या वर सल्फाइटची विद्राव्यता उलट कमी होत जाते. ढवळायचे सावकाश, घुसळायचे नाही. आणि मेटॉलची अनेकांना त्वचेवर अॅलर्जी येते, तेव्हा हातमोजे घाला.

गाळ कॅल्शियमचा निघाला तर पाण्याचे गणित असे. कठीणता (पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण) लिटरला 300 मिलिग्रॅम असेल, तर जवळपास 0.3 ग्रॅम पांढरी पूड तयार होऊ शकते, म्हणजे डोळ्यांना ठळक दिसेल इतकी. असा डेव्हलपर रात्रभर ठेवा, वरचा निवळ भाग ओतून कॉफी फिल्टरमधून काढा आणि बिनधास्त वापरा. फिल्म सुकल्यावर पांढरट थर दिसला तर दोन टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये मिनिटभर बुडवून पुन्हा धुवा. पुढच्या वेळी डिस्टिल्ड पाणी घ्या, प्रश्नच मिटतो. ते नसेल तर सर्वात आधी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट (कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन) 2 ग्रॅम विरघळवा; गोळा होऊन चिकटते, म्हणून भुरभुरत टाका. वॉशिंग मशिनसाठी मिळणाऱ्या पावडरी यासाठी नकोत, त्यांत आणखी काय काय असते.

दोन्ही चाचण्यांत जो गाळ हलत नाही, तो रसायनांतला कचरा. तो गाळून टाका. पण सल्फाइट कुठून आणले ते तपासा. बॉयलरच्या पाण्यासाठी विकले जाणारे सल्फाइट कधी कधी कोबाल्ट मिसळलेले असते. ऑक्सिजन झपाट्याने शोषावा म्हणूनच ते घातलेले असते, त्यामुळे डेव्हलपर फार लवकर मरतो. बोरॅक्स म्हणजे टाकणखार. कॅरमची पावडर नव्हे. ती बहुधा बोरिक अॅसिड असते, गाळ येत नाही पण डेव्हलपर मंद पडतो.

गाळ काळा किंवा करडा असेल आणि बाटलीतल्या द्रावणात आधी फिल्म डेव्हलप केल्या असतील, तर ती चांदी आहे. सल्फाइट फिल्ममधली थोडी चांदी विरघळवते आणि ती पुढे बाटलीत बसते. कापसातून गाळून घ्या, किंवा डेव्हलपर समभाग पाण्यात पातळ करून एकदाच वापरा आणि टाकून द्या. द्रावणच चहासारखे तपकिरी झाले असेल तर गाळ कसलाही असो, ते वापरू नका.