सागवानाच्या आखूड तुकड्यांवर रंधा

प्रश्न : जुन्या वाड्याच्या चौकटींचे सागवानी तुकडे उरले आहेत. 5 ते 8 इंच लांब, 3 इंच रुंद, जाडी कुठे दीड इंच, कुठे सव्वा. त्यांचे छोटे डबे करायचे आहेत. थिकनेस प्लेनरमध्ये (लाकडाची जाडी एकसारखी करणाऱ्या मशीनमध्ये) घातलेला एक तुकडा आतच फुटला, ठिकऱ्या बाहेर उडाल्या. काय चुकले?

उत्तर : लांबी कमी पडली. प्लेनरमध्ये पात्यांच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन रोलर असतात. तुकडा त्यांच्यातल्या अंतरापेक्षा आखूड असला, तर पहिल्याने सोडल्यापासून दुसऱ्याने धरेपर्यंत तो मोकळाच असतो, आणि नेमका पात्यांखाली. टोक उचलले जाते, पाते खोल घुसते, लाकूड तंतूंच्या रेषांवर फुटते. टेबलावर ठेवायच्या बहुतेक प्लेनरना किमान 12 ते 14 इंच लांबी लागते. तुमच्या मशीनची पुस्तिका पाहा.

आखूड तुकडा घालायचाच असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी लांब पट्ट्या लावा. आधी तुकड्याची एक बाजू हातरंध्याने सपाट करा आणि दोन्ही कडा गुण्यात (काटकोनात) आणा, नाहीतर डिंक नीट धरणार नाही. मग इंचभर रुंद, 16 ते 18 इंच लांब, तुकड्यापेक्षा अर्धा सूत जाड अशा पाइनच्या दोन पट्ट्या घ्या. सपाट बाजू खाली ठेवून, तळ एका पातळीत आणून, ग्लू गनने पट्ट्या कडांना चिकटवा. दोन्ही टोकांना पट्ट्या किमान 4 इंच बाहेर हव्यात. रोलर पट्ट्यांना धरतो, तुकडा मधे बसून जातो, आणि टोकांशी पडणारा खड्डाही पट्ट्यांवरच पडतो. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नका. काम झाले की सांध्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, डिंक सुटतो.

त्याआधी खिळे शोधा. चौकटीत डोकी तुटलेले खिळे हमखास निघतात आणि ते वरून दिसत नाहीत. लोहचुंबक चारही बाजूंनी फिरवा, लाकडावरचे काळे डाग निरखा. पितळी चुका चुंबकाला सापडत नाहीत, तिथे डोळेच कामाचे. जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा 2017 मध्ये आली; त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. सागवानात सिलिका असते, म्हणून पात्याची धार लवकर जाते. बोथट पाते लाकूड कापण्याऐवजी उपटते. ठिकऱ्यांचे तेही एक कारण.

6 इंचांच्या आतल्या तुकड्यांसाठी मात्र आमचे मत स्पष्ट आहे : हातरंधा. फळीवर 6 मिमीची पट्टी आडवी ठोका, तुकडा तिला टेकवा, रंधा पट्टीच्या दिशेने चालवा. ही पट्टी तुकड्याच्या अखेरच्या जाडीपेक्षा पातळ हवी, नाहीतर पाते तिच्यावर आपटेल. ढलपी कागदासारखी निघाली तर पाते बरोबर लागले आहे. ती तुटत असेल आणि लाकूड खरवडले जात असेल, तर तुकडा फिरवून त्याचे पुढचे टोक मागे घ्या. रेषा विरुद्ध दिशेने आहेत. दहा मिनिटांत एक बाजू होते. पट्ट्या चिकटवण्यात याहून जास्त वेळ जातो.

हातात धरायचा इलेक्ट्रिक रंधा उलटा शिकंज्यात आवळून त्यावर तुकडे ढकलायची युक्ती पुष्कळ ठिकाणी दिसते. आखूड तुकड्यांना ती अजिबात नको. तुकडा निसटला की बोटे थेट पात्यावर जातात.

प्रश्न : हाच तुकडा गोल करवतीच्या टेबलावर उभा चिरायचा झाल्यास? हातमोजे घालावेत का?

उत्तर : मोजे नकोत, पाते कापड ओढून घेते आणि मागोमाग हात. चष्मा आणि धुळीचा मास्क हवाच. तुकडा 18 इंच लांब, 12 मिमी जाड प्लायवर दुहेरी चिकटपट्टीने पक्का करा, प्लायची सरळ कड कुंपणाला (करवतीच्या टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला) टेकवून प्लायसकट चिरा आणि मागून ढकलकाठीने रेटा. पाते पूर्ण थांबेपर्यंत सुटलेली चीप उचलू नका.