चॉकलेटी भिंतीला उजेड कुठला?

प्रश्न : कोथरूडला १० बाय १२चा हॉल आहे. खिडकी एकच, तीही उत्तरेला. मुलीला एक भिंत गडद चॉकलेटी हवी आहे. खोली आणखी लहान नाही का दिसणार?

कुठली भिंत निवडता त्यावर आहे. खिडकीची भिंत सोडा. तिच्यावर बाहेरचा उजेड थेट पडत नाही आणि मधोमध खिडकी चकाकते, त्यामुळे गडद रंग तिथे काळाच वाटतो. खिडकीसमोरची भिंत घ्या. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परत देतो, गडद तपकिरी १० टक्केही देत नाही. म्हणून उरलेल्या तिन्ही भिंती आणि छत फिकटच हवं, पण मलईकडे झुकणारं. उत्तरेच्या निळसर उजेडात राखाडी छटेचा तपकिरी मळकट दिसतो, तेव्हा लालसर छटा बघा. शेड कार्डावर ठरवू नका. छोटा डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि तो सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर पाहा. दिवे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे लावा. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ तक्रारी रंगाच्या नसतात, ६५०० केल्विनच्या, निळसर-पांढऱ्या उजेडाच्या ट्यूबच्या असतात!

प्रश्न : आजोबांचा सागवानी दिवाण याच रंगाच्या भिंतीपुढे ठेवावा का?

दोन्ही सारखेच गडद असतील तर दिवाण हरवेल. बाजीराव रस्त्यावरून जाताना विश्रामबागवाड्याचं लाकूडकाम बघा. तिथला तपकिरी जिवंत वाटतो तो कोरीवकामातल्या सावल्यांमुळे. सपाट भिंतीला ती सोय नाही. त्यामुळे दिवाण फिकट भिंतीला लावा. तपकिरी भिंतीपुढे तांबट आळीतलं ठोक्याचं घंगाळ किंवा घरातली पितळी समई ठेवून पाहा, तांब्या-पितळेला याच्याइतकी चांगली पार्श्वभूमी मला तरी माहीत नाही.

प्रश्न : पेंटरने दोन हात मारले, तरी भिंतीवर ढग दिसतात. येता-जाता अंग घासतं तिथे चकाकीही आली आहे.

गडद शेड पांढऱ्या बेसमध्ये (ज्यात मशिन छटा मिसळतं त्या मूळ रंगात) होत नाही, जवळजवळ पारदर्शक बेसमध्ये करतात. झाकणारा पांढरा रंग त्यात नसल्यामुळे खालचा पांढरा प्रायमर डोकावतो. प्रायमरच राखाडी करून घ्यायचा आणि तिसऱ्या हाताची तयारी ठेवायची. ढगांचं आणखी एक कारण म्हणजे उन्हाळ्यात रंग भराभर सुकतो आणि पेंटर चहाला गेला की रोलरचा जोड उमटतो. भिंत एका दमात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत व्हायला हवी. लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी प्रायमर चुकवला असेल, तर तिथे रंग जास्त शोषला जाऊन डाग राहतो. टचअपच्या नादी लागू नका, गडद मॅटवर, म्हणजे बिनचमकीच्या रंगावर, तो ठिगळासारखा दिसतो. चकाकी मॅट रंग घासला गेल्याची आहे, पॅसेजमध्ये हलकी चमक असलेलं सॅटिन फिनिश घ्या. सगळे डबे एकाच वेळी आणून एका बादलीत एकत्र करा, मशिनच्या दोन मिश्रणांत किंचित फरक पडू शकतो.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. गडद रंगाने डाग झाकले जातील?

उलट होईल. ओलीबरोबर येणारा पांढरा क्षार तपकिरीवर सर्वांत आधी दिसतो. आधी गळती शोधून बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, पोपडे खरवडा. रंगाचा विचार दिवाळीच्या सुमारास करा.

प्रश्न : भाड्याच्या फ्लॅटमध्ये चालेल?

घरमालक हो म्हणाले तर. निघताना पुन्हा पांढरं करायला प्रायमर आणि दोन-तीन हात लागतील, तो खर्च कोणाचा हे आधीच लिहून घ्या. नाहीतर तपकिरी पडदे लावा, जाताना काढून नेता येतात.