नाकतोड्याने कुणाचं नाक तोडलं?

प्रश्न : मी सोलापुरात एम.ए. करते आणि ऑनलाइन वर्गात जर्मन शिकते. लहान मुलांसाठीचा, किड्यांवरचा एक उतारा इंग्रजीत करायचा होता. ‘होइफेर्ट’चं मी ‘हे-हॉर्स’ केलं, ‘ओअरवुर्म’ या किड्याचं ‘इअरवर्म’. दोन्हींवर लाल रेघ! शब्दांतली गंमत घालवायची का मग?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रेघ बरोबर आहे, कारण सांगायला हवं होतं, एवढंच.

होइफेर्ट म्हणजे अक्षरशः वाळल्या गवतातला घोडा, कबूल. पण नाकतोडा म्हणताना तुला कुणाचं तुटलेलं नाक दिसतं का? जर्मन माणसालाही घोडा दिसत नाही. त्याचा तो रोजचा शब्द, म्हणून इंग्रजीतही रोजचाच हवा : ग्रासहॉपर. शास्त्राचं पुस्तक असेल तर बुश-क्रिकेट. लेखकाने स्वतः त्या घोड्यावर खोगीर चढवलं असेल, तरच घोडा आणायचा.

ओअरवुर्म जरा त्रासदायक. जर्मनमध्ये तो किडाही आणि डोक्यात घोळत राहणारी चालही. इंग्रजीत दोघांची वाटणी झाली. किडा इअरविग, चाल इअरवर्म. हा दुसरा शब्द तर त्यांनी जर्मनवरूनच बेतला. तुझ्या उताऱ्यात शेपटीला चिमटा असलेला किडा आहे, म्हणजे इअरविगच.

आता माझा लाडका मायकेफर, मे महिन्यातला भुंगेरा. आपल्याकडे वळवाचा पाऊस पडला की कडुलिंबावर हुमणीचे भुंगेरे जमतात, त्यांचाच भाऊबंद. होटगीला मामाच्या ओसरीत ते ट्यूबलाइटला धडकून उताणे पडायचे आणि फरशीवर गरगरत राहायचे. मामा ऊसवाला, तो चप्पल घेऊन धावायचा. आम्ही काड्यापेटीत भरायचो. जर्मन मुलंही खोक्याला भोकं पाडून ते पाळत आणि रंगावरून नावं ठेवत. पांढुरक्या लवेचा तो ‘म्युलर’, पिठाच्या गिरणीवाला. काळपट तो धुराडी साफ करणारा. तांबूस तो ‘कायझर’. ही गंमत मुलांनी जाणूनबुजून केलेली, म्हणून ती पूर्ण न्यायची : मिलर, चिमनी स्वीप, एम्परर. किड्याला मात्र कॉकचेफर म्हणू नकोस, इंग्रज पोरं फिदीफिदी हसतील. मेबग लिही. डूडलबग कानाला आणखी गोड, पण १९४४ मध्ये लंडनवर येणाऱ्या जर्मन उडत्या बॉम्बना तिथले लोक हेच म्हणत. जर्मन गोष्टीत ते कशाला?

तुझ्या यादीत शेवटी ग्ल्यूव्युर्मशेन आहे. त्यातलं ‘शेन’ म्हणजे लाडाचं शेपूट. इंग्रजीत ते जोडता येत नाही, म्हणून पहिल्यांदा ‘लिट्ल’ लाव आणि पुढे विसरून जा. त्याआधी उतारा पुन्हा वाच. तो गवतात बसून लुकलुकत असेल तर ग्लो-वर्म, आणि आपल्या काजव्यासारखा उडत असेल तर फायरफ्लाय.