ज्युलियनच्या आईचा हात

प्रिय मुली,

तुझं पहिलं प्रकरण दोनदा वाचलं. हात चांगला आहे तुझा. पण नॉरिचच्या ज्युलियनला, चौदाव्या शतकातल्या त्या इंग्रज साधक-लेखिकेला, पहिल्या पानावर नवरा दिलास, दुसऱ्यावर मूल, आणि तिसऱ्यावर १३६१च्या प्लेगात दोघांनाही मारून मोकळी झालीस! ती विधवा असावी असा तर्क अभ्यासकांनीही केलाय, तर काहींनी तिला कॅरोच्या मठातली नन ठरवलंय. तिने स्वतः यातलं काहीच लिहिलेलं नाही. नावसुद्धा बहुधा ज्या चर्चच्या भिंतीला लागून तिची कोठडी होती (प्रार्थनेसाठी तिने स्वतःला जिच्यात कायमचं कोंडून घेतलं ती), त्या सेंट ज्युलियन चर्चचं.

मग हाताशी काय उरतं? लोकांची मृत्युपत्रं. १३९४मध्ये तिच्या नावे दोन शिलिंग. १४०४मध्ये तिच्याबरोबर राहणाऱ्या सेरालाही आठ पेनी. पुढे ॲलिस नावाची आधीची मोलकरीण. कोठडीतल्या बाईचंही चूल-पाणी कुणीतरी बघत होतं, हे तुझ्या तीस पानांत कुठेच नाही.

आणि तिची आई. मे १३७३, ज्युलियन साडेतीस वर्षांची, मरणाच्या दारात. पाद्र्याने समोर क्रूस धरलाय, तिची नजर त्यावर. लेक गेली असं वाटून आई तिचे डोळे मिटायला हात पुढे करते, आणि तो हात नेमका क्रूसाच्या आड येतो. ज्युलियनला त्याचं फार दुःख झालं. त्या आजारात तिला ख्रिस्ताचे दृष्टान्त झाले, ते तिने दोनदा लिहिले; हा प्रसंग आधीच्या, छोट्या संहितेत आहे. जवळपास वीस वर्षं विचार करून लिहिलेल्या मोठ्या संहितेत तो तिने गाळला. त्याच मोठ्या संहितेत ती ख्रिस्ताला ‘आई’ म्हणते, पानंच्या पानं. या दोन गोष्टी जोडायचा मोह मलाही होतो. (एका व्याख्यानात जोडल्याही होत्या, टाळ्याही मिळाल्या. आता लाज वाटते.) तू नुसत्या शेजारी ठेव.

दृष्टान्तात ख्रिस्ताच्या रक्ताचे थेंब तिला पागोळ्यांसारखे दिसले, कपाळावर पसरताना हेरिंगच्या खवल्यांसारखे गोल. मासळी जवळून पाहिलेल्या बाईची ही नजर. तिचं घर शोधायचंच असेल तर इथे शोध.

तेव्हा नवरा काढ, मूलही काढ. सेराला आत घे. आणि पुढचा खर्डा पाठवताना पानांवर आकडे घाल, या वेळी बारावं पान अकराव्याच्या आधी आलं होतं.

तुझी,
मावशी