एप्रिलमधली ३०० ची बीआरएम आणि दुपारचे तीन तास

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गेल्या एप्रिलमध्ये सोलापूर, तुळजापूर, औसा, लातूर आणि थोडं पुढे जाऊन परत, अशी ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. सकाळी ६ ला सुरुवात, १५० किलोमीटरच्या कंट्रोलवर (वाटेतला ठरलेला थांबा, जिथे वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा) बरोबर १२ ला हजर, तिथे पुरीभाजी, १२:२० ला परत रस्त्यावर. २१० ला बाभळीखाली ओकारी, पोटऱ्यांत गोळे आणि डीएनएफ, म्हणजे राइड अर्धवट. यंदा पुन्हा नाव घातलंय, आणि विचारताय की पाणी किती प्यायचं, सॉल्टच्या गोळ्या घ्यायच्या का, बाह्या पूर्ण की अर्ध्या, आणि टायरात हवा किती.

मी सोलापूरचाच. या रस्त्याने एप्रिलमध्ये बऱ्याचदा गेलोय, दोनदा गाडीत सायकल टाकून परतही आलोय. त्यामुळे तुम्ही न विचारलेलं आधी सांगतो. तुमची राइड २१० ला संपली असेल, पण बिघडली ती सकाळी दहाच्या सुमारास. थांबे धरून ताशी २५ ची सरासरी म्हणजे चालताना २७ तरी असणार. डिसेंबरात ती तुम्हाला शोभते. एप्रिलमध्ये नाही.

हिशोब असा. शरीर जी ऊर्जा जाळतं तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकीची सगळी उष्णता होते. पेडलवर १५० वॅट देत असाल तर अंगात ५०० वॅटच्या आसपास उष्णता तयार होतेय. कपड्यांची हजार वॅटची इस्त्री अर्ध्यावर ठेवून पोटाशी बांधल्यासारखं समजा. कातडीचं तापमान ३५ च्या आसपास, बाहेरची हवा ४१, म्हणजे हवा तुमची उष्णता नेत नाही, वर स्वतःची देऊन जाते. मग राहतो एकच मार्ग, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. टपकून रस्त्यावर पडला तर काहीच नेत नाही. सपाटीवर २७ वरून २२ वर आलात की लागणारी ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी उतरते आणि तेवढीच इस्त्रीही थंड होते. यापेक्षा स्वस्त कूलिंग बाजारात मिळत नाही.

आणि एक गोष्ट जी नवख्यांच्या लक्षात येत नाही: पाठीमागचा वारा. १५ च्या वाऱ्याने पाठ धरलीय आणि तुम्ही चढावर १२-१३ ने चाललाय, तर अंगावरून वारा वाहतच नाही. घाम तसाच साचतो. समोरच्या वाऱ्याला आपण शिव्या घालतो, पण भर दुपारी तोच आपला पंखा असतो. पाठवाऱ्याच्या चढावर हार्ट रेट बघा, स्पीड झाकून ठेवा. उन्हात त्याच ताकदीला ठोके दहा-वीसने वर जातात. ते वर गेले की गिअर हलका करायचा.

आता घड्याळ. बीआरएम शर्यत नाही हे आपण सगळे म्हणतो आणि पहिल्या कंट्रोलपर्यंत शर्यतच करतो. ३०० ला २० तास मिळतात, म्हणजे रात्री २ पर्यंत. कंट्रोल बंद होण्याची वेळ ताशी १५ ने धरतात, म्हणून १५० चा कंट्रोल दुपारी ४ ला बंद. तुम्ही १२ ला पोचलात तेव्हा चार तास खिशात होते, आणि ते तुम्ही वर्षातल्या सगळ्यात वाईट उन्हात उधळले. मी काय करतो सांगतो. तुळजापूरचा चढ सकाळच्या गारव्यातच संपतो, तिथे जोर लावायचा नाही. नऊनंतर वेग मुद्दाम उतरवायचा. १५० ला पाऊण-एकपर्यंत पोचायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पावणेचारपर्यंत हलायचं नाही. तरी उरतात १५० किलोमीटर आणि सव्वादहा तास. त्यातले निम्म्याहून जास्त सूर्य मावळल्यावरचे, आणि तुळजापूरचा घाट रात्री उताराने मिळतो. फक्त शिक्का आधी आणि झोप नंतर हा क्रम चुकवू नका. कंट्रोलच्या तीस किलोमीटर अलीकडे लिंबाखाली आडवं होऊन चारची वेळ गमावलेले लोक मी पाहिलेत.

सावली म्हणजे पत्र्याची टपरी नव्हे. पत्रा वरून भाजतो. देऊळ, कौलारू ढाबा, नाहीतर दाट झाड शोधा. बूट-मोजे काढा, फरशीवर पाठ टेका. शेतात मोटार चालू दिसली तर मालकाला विचारा, कोणी नाही म्हणत नाही. पाइपातलं पहिलं पाणी चटका देतं, ते जाऊ द्या, मग डोक्यावर धरा.

पाण्याबद्दल. "मिळेल तितकं प्या" हा सल्ला मी स्वतः पाळून बसलोय. काही वर्षांपूर्वी अशाच एका राइडला दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत होतो, घाबरून. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, मळमळ, बोटं सुजलेली, अंगठी निघेना. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी एक बाटली रिचवली. बरोबरचा मित्र शहाणा होता. एका भुसार दुकानात पोती तोलायच्या काट्यावर त्याने मला उभं केलं. सकाळी घरी ७२ भरलो होतो, काट्यावर ७३ च्या वर. दिवसभर घाम गाळून वजन वाढलं म्हणजे पाणी अंगात साचतंय आणि रक्तातलं सोडियम पातळ होतंय. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. पाणी तिथेच बंद केलं, खारे शेंगदाणे खाल्ले आणि मित्राने रात्रीच डॉक्टर गाठायला लावला.

म्हणून तुमचा आकडा तुम्हीच काढा. एखाद्या कडक उन्हाच्या दिवशी लघवी करून, कपडे काढून वजन करा, तासभर बीआरएमच्या वेगाने चालवा, अंग पुसून परत वजन. माझं एकदा ७२.० चं ७१.१ झालं आणि मधे अर्धा लिटर प्यायलो होतो, म्हणजे तासाला १.४ लिटर घाम. तेवढं पिऊन भरून काढायचा हट्ट नको, तासाला लिटरभराच्या वर पोट सहसा घेत नाही. तहानेच्या मागे-पुढे राहत पाऊण लिटरच्या आसपास प्या, आणि उरलेला फरक वेग कमी करून भागवा.

मीठ: घामाच्या लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक कमीजास्त. जर्सीवर पांढरी नक्षी उमटत असेल तर तुमचं जास्त जातं. महागड्या गोळ्यांची गरज मला कधी वाटली नाही. केमिस्टकडची ओआरएसची मोठी पुडी एक लिटरसाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी ओतलीत तर ती पोटात दगडासारखी बसते. फळांच्या चवीची गोड खोकी ओआरएस नव्हेत, लेबल वाचा. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी. साधं पाणी डोक्यावरही ओतता येतं, साखरेचं ओतलं तर माशा शेवटपर्यंत सोबत करतात. थांब्यावर ताक, ग्लासला पाव चमचा मीठ टाकून. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नका. रसवंतीचा रस मलाही सुटत नाही, पण अर्धाच ग्लास, मीठ-लिंबू घालून आणि बिनबर्फाचा.

पुरीभाजीला दोष देणार होतो, पण ती एरवी पचलीच असती. उन्हात रक्त कातडीकडे आणि पायांकडे धावतं, पोटाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यात वीस मिनिटांत परत पेडल. दहीभात, केळी, राजगिऱ्याचा लाडू, थोडं थोडं.

बाह्या पूर्ण, पांढऱ्या, सैलसर, आणि ओल्या. आपल्याकडची हवा एप्रिलमध्ये कोरडी असते, ओलं कापड भराभर वाळतं आणि वाळताना थंडावा देतं. पूर्वी ट्रकच्या बाजूला छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, लटकायची ना, तोच न्याय. बाटलीवर जुना सुती मोजा चढवून भिजवा, आतलं पाणी चहासारखं होत नाही. कोकणात हीच युक्ती फारशी चालत नाही, तिथे हवेतच पाणी भरलेलं, घाम नुसता निथळतो. तिथली ३५ मला इथल्या ४१ पेक्षा जड जाते.

तुम्ही पुण्यात एसीत बसता, म्हणून हे महत्त्वाचं. राइडच्या आधी दहा ते चौदा दिवस रोज तास-दीड तास उन्हात, संथ चालवा. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, मग घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. दोन-तीन आठवडे एसीत काढलेत की हे सगळं उतरतं, म्हणून मार्चच्या सुरुवातीला करून उपयोग नाही.

२०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. तिथे जूनमध्ये सुरुवातीलाच वाळवंट लागतं. त्यांच्यामागे पाणी-बर्फ देणारी, नजर ठेवणारी क्रूची गाडी असते. आपल्यामागे कोणी नसतं, म्हणून जोडीने चालवा आणि एकमेकांशी बोलत राहा. जोडीदार असंबद्ध बोलायला लागला, सायकल झोकांड्या खायला लागली, चिडचिड सुरू झाली, तर तो "ठीक आहे" म्हणाला तरी ऐकू नका. उष्माघातात घाम थांबतोच असं नाही, राइड करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने डबडबलेलाही असतो. सावलीत आडवा करा, हेल्मेट-बूट काढा, असेल नसेल ते पाणी अंगभर ओता, बर्फ मिळाला तर तोही, जर्सीने वारा घाला. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत ओतणं थांबवू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. क्रोसिन तिथे काही कामाची नाही. आणि पाय दुखतात म्हणून आयबुप्रोफेन तर उन्हात मुळीच नको, पाणी कमी पडलेल्या शरीरात ती किडनीवर येते.

टायर: सकाळी २५ अंशाला ९० पीएसआय भरलीत आणि दुपारी टायर ५५ पर्यंत तापला तर ती १०० च्या आसपास जाते. त्याने टायर फुटत नाही. पाच पीएसआय कमी भरा, लातूरकडच्या खडबडीत पट्ट्यात हातांनाही बरं.

एक राहिलं. गळ्याभोवती ओला पंचा ठेवणार असाल तर नवा घेऊन थेट निघू नका. खळ असते, पाणी धरत नाही आणि मान सोलते. तीन-चार धुण्यांनंतर तो कामाचा होतो.